वाकळीचा कोट शिकताना

ब्लाउज, कुर्ते मला आधीपासून शिवता येत होते, तरी वाकळीचा (तुमच्याकडे हिला गोधडी म्हणत असतील), म्हणजे कापडाचे थर टाचून केलेला, पहिला कोट कापतानाच बिघडला. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या असं सगळं मापात कापलं आणि मग त्यावर हाताने धावदोरा (सरळ टाके) घातला. टाके संपले तेव्हा ६० सेंटिमीटरची पाठ ५७ वर आली होती. मुंढे (बाही जोडायची जागा) काही केल्या जुळेनात.

गडहिंग्लजजवळच्या एका गावात ज्या मावशींकडे मी शिकले, त्यांचा जन्म वाकळा शिवण्यात गेला. त्यांनी ती पाठ मांडीवर घेतली, टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "दोरा कापड वढतोच की गं पोरी. आधी टाकं घाल, मग कात्री लाव."

तेव्हापासून मी प्रत्येक भागाला चारी बाजूंनी चार बोटं जास्तीचं कापड घेते. वर सुती साडी, मध्ये विरलेलं लुगडं, आत मऊ धोतर. वाकळीला याहून जास्त थर चालतात, कोटाला तीन पुरे, कारण कोपर वाकलं पाहिजे. नवं कापड वापरणार असाल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि जुनं तसंच राहतं. थर कच्च्या टाक्यांनी धरून ठेवायचे, धावदोरा पुरा करायचा, मगच कागदी कटिंग ठेवून आखायचं. आखल्यावर लगेच कापू नका. रेषेच्या किंचित आतून मशीनची एक शिलाई मारा, म्हणजे कात्री लागल्यावर हाताचे टाके उसवत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ मुंढ्याला द्या. दोन्हीकडचे तीन-तीन थर एकत्र आले की तिथे दोरखंडासारखी जाड शिवण होते आणि काखेत टोचते. मावशी मायेतला (शिवणीबाहेर सोडलेल्या कापडातला) मधला थर शिवणीपर्यंत कातरून काढतात, मग बाही जोडतात आणि कडांवर पातळ कापडाची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी बसवतात. माझ्या तीन बाह्या उसवून झाल्यावर चौथी नीट बसली.

माप अंगातल्या सदऱ्यावरून घ्या, छातीत निदान १५ सेंटिमीटर सैल ठेवा.

आणि शिकायला जाल तेव्हा शिकवणाऱ्या बाईंची दिवसाची मजुरी आधीच ठरवा. तुम्हाला मुंढा दाखवण्यात त्यांची दुपार जाते, आणि त्या दुपारी हातातली वाकळ तशीच पडून राहते.