गोल्फचा नवा सीझन फॉलो करायचाय? आधी घड्याळ बघा

७ ऑगस्ट २०२१, शनिवार. संध्याकाळी नीरज चोप्राने गोल्ड आणलं म्हणून तो दिवस सगळ्यांना आठवतो, पण आमच्याकडे कोथरूडला टीव्ही पहाटेपासूनच चालू होता कारण टोकियो ऑलिम्पिकच्या गोल्फमध्ये अदिती अशोक मेडलच्या जवळ पोचली होती. मी, आई आणि समोरच्या काकू पोह्यांच्या प्लेट घेऊन बसलो होतो आणि तिघींपैकी एकीलाही पार म्हणजे काय ते माहीत नव्हतं. अदिती १५ अंडरवर चौथी आली, एका शॉटने मेडल गेलं. आई म्हणाली, "एकच ना? मग पुढच्या आठवड्यात काढेल की भरून."

ऑलिम्पिक असं नसतं हे तिला तेव्हा सांगितलं, पण बाकी गोल्फ अगदी तसंच असतं. जवळजवळ दर आठवड्याला गुरुवारी नवी स्पर्धा सुरू, रविवारी संपली, की सोमवारी सगळे पुढच्या गावी. क्रिकेटसारखी सिरीज नाही, आयपीएलसारखं पॉइंट टेबल डोळ्यासमोर नाही, त्यामुळे नवीन माणूस दोन आठवडे बघतो आणि सोडून देतो. मी पण पहिल्या वर्षी तेच केलं, म्हणजे सगळंच बघायला गेले, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कुठल्यातरी कोर्सवरचं गवत बघत बसले आणि फेब्रुवारीत कंटाळले. नंतर कळलं की पुण्यात बसून गोल्फ बघायचं असेल तर खेळाडू नंतर, टूर नंतर, पहिलं घड्याळ.

तर घड्याळाचं असं आहे. अमेरिकेचा पूर्व किनारा उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. कॅलिफोर्निया त्याच्याही तीन तास मागे. त्यांच्याकडे रविवारी संध्याकाळी सहा-सात वाजता स्पर्धा संपते म्हणजे आपल्याकडे सोमवारची पहाट, आणि सोमवारी हिंजवडी गाठायचं असेल तर विषयच संपला. ब्रिटन उन्हाळ्यात फक्त साडेचार तास मागे, म्हणजे दुपारी जेवून बसा आणि रात्री झोपायच्या आत निकाल. दुबई तर दीडच तास मागे. मार्चमध्ये एक घोळ होतो तो लक्षात ठेवा, अमेरिका घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते आणि ब्रिटन शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे पाठ केलेला हिशोब चुकतो. मी एकदा एक तास उशिरा टीव्ही लावून शेवटचे चार होल घालवलेत.

आता टूर, म्हणजे वर्षभराच्या स्पर्धांची साखळी. सगळ्यात मोठी पीजीए टूर, अमेरिकेची, सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त स्टार तिथे. २०२४ पासून त्यांचा सीझन पुन्हा कॅलेंडर वर्षाप्रमाणे चालतो, जानेवारीत सुरू आणि ऑगस्टमध्ये प्लेऑफ. प्लेऑफ तीन आठवड्यांचे, पहिल्यात ७० जण, दुसऱ्यात ५०, आणि शेवटी अटलांटाच्या ईस्ट लेकवर ३०. दुसरी डीपी वर्ल्ड टूर, म्हणजे जुनी युरोपियन टूर, आणि हिचं गणित गमतीशीर आहे, हिचा नवा सीझन नोव्हेंबरातच सुरू होतो, आधीचा सीझन दुबईत संपून आठवडा-दोन आठवडेही झालेले नसतात. तिसरी लिव्ह, सौदीच्या पैशातून २०२२ ला सुरू झालेली, आधी ५४ होलची (बाकी टूरवर चार दिवसांत ७२), टीमवाली, सगळे एकदम वेगवेगळ्या होलवरून सुरू करतात अशी. २०२६ पासून त्यांनी पण ७२ होल केले. आपला अनिर्बन लाहिरी तिकडे गेला म्हणून मी अधूनमधून डोकावते, पण खरं सांगू का, टीमचे लोगो वगैरे माझ्या काही डोक्यात बसत नाहीत.

सगळे सांगतील की पीजीए टूरपासून सुरुवात करा. मी म्हणते नको. सुरुवात डीपी वर्ल्ड टूरच्या आखाती आठवड्यांपासून करा. जानेवारीत दुबई डेझर्ट क्लासिक असते, एमिरेट्स गोल्फ क्लबच्या मजलिस कोर्सवर, वाळवंटात हिरवा पट्टा आणि मागे उंच बिल्डिंगा, मोठी नावं पण येतात, आणि मुख्य म्हणजे तुम्ही जागे असता. शनिवारी दुपारी वरण-भात खाऊन लोळत बघायला गोल्फसारखा खेळ नाही. मध्ये डुलकी लागली तरी काही बिघडत नाही, उठाल तेव्हा फार तर दोन होल पुढे गेलेले असतात.

लीडरबोर्ड वाचता आला की अर्धं काम झालं, त्यामुळे इथे जरा थांबते. प्रत्येक होलला एक पार ठरलेला असतो, तीन, चार किंवा पाच, म्हणजे चांगल्या खेळाडूने एवढ्या फटक्यांत बॉल होलात घालावा अशी अपेक्षा. १८ होल मिळून साधारण ७० ते ७२. एक कमी लागला तर बर्डी, दोन कमी तर ईगल, एक जास्त तर बोगी. बोर्डवर मायनस १२ दिसलं म्हणजे स्पर्धेत आतापर्यंत मिळून पारपेक्षा १२ फटके कमी, आणि मायनस दिसला की खूश व्हायचं, ही सवय लागायला आम्हाला वेळ लागला, काकू अजून मायनस बघून हळहळतात. इंग्रजी ई दिसलं तर बरोबर पारवर. बाजूला थ्रू खाली १४ असेल तर १४ होल खेळून झालेत. हे फार महत्त्वाचं, कारण मायनस १० वर राउंड संपवून क्लबहाउसमध्ये बसलेला आणि मायनस १० वर असून दोन सोपे पार पाच बाकी असलेला, हे दोघं बोर्डवर सारखे दिसतात पण सारखे नसतात. क्रिकेटमध्ये कसं, १५० ला ४ म्हटलं की आपण लगेच विचारतो, ओव्हर किती? तसंच.

आणि कट. दोन दिवस झाले की अर्ध्याच्या आसपास लोक घरी. पीजीए टूरवर साधारणपणे पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे राहतात, मास्टर्सला पहिले ५०, यूएस ओपनला ६०, ब्रिटिश ओपनला ७०, सगळीकडे बरोबरीचे धरून. नेहमीच्या स्पर्धांत कट चुकला तर रुपयासुद्धा मिळत नाही, विमानाचं भाडं आणि हॉटेल मात्र स्वतःचं. म्हणून माझ्या मते गोल्फचा खरा ड्रामा शुक्रवारी असतो, रविवारी नाही. टीव्हीवाले कॅमेरा लीडरवर ठेवतात, पण तुम्ही मोबाइलवर लीडरबोर्ड उघडा आणि खाली या, साठ-सत्तर नंबरच्या आसपास, तिथे एखादा बिचारा शेवटच्या होलवर सहा फुटाच्या पटसाठी (बॉल हळूच होलात ढकलायचा फटका) उभा असतो आणि त्याचा अख्खा आठवडा त्या सहा फुटांवर असतो. युरोप-आखातातल्या स्पर्धांत ही गंमत आपल्याला शुक्रवारी रात्री जेवणाच्या आसपास बघायला मिळते, अमेरिकेची मात्र शनिवारी पहाटे.

आता माणसं निवडा. तीन पुरे. एक आपला भारतीय, एक टॉपचा, आणि एक असाच कोणीतरी ज्याचं तुम्हाला काहीतरी आवडलं. भारतीयांत माझी अर्थातच अदिती, ती २०१७ पासून अमेरिकेतल्या बायकांच्या एलपीजीए टूरवर आहे, आणि बायकांच्या टूरवर मेजर, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, पुरुषांसारख्या चार नाही, पाच असतात, म्हणजे तुमचा फायदाच. दीक्षा डागर आहे, डावखुरी, ऐकायला कमी येतं तरी युरोपच्या टूरवर जिंकलेली. पुरुषांत शुभंकर शर्मा, २०२३ च्या ब्रिटिश ओपनला तो बरोबरीत आठवा आला होता. आणि पुण्याचा अभिमान बाळगायचा असेल तर उदयन माने, टोकियोत तो पण खेळला, शेवटच्या क्षणी जागा मिळाली होती. टॉपमध्ये स्कॉटी शेफलर घ्या किंवा रोरी मॅकिलरॉय, शेफलर जिंकतो आणि रोरी रडवतो, तुमच्या स्वभावाप्रमाणे ठरवा. तिसऱ्यासाठी माझा माणूस ॲरन राय, भारतीय वंशाचा इंग्लिश, दोन्ही हातांत ग्लव्ज घालतो आणि आयर्न क्लबांना, म्हणजे लोखंडी डोक्याच्या काठ्यांना, पण कव्हर घालून ठेवतो. सोफ्याला प्लॅस्टिक कव्हर ठेवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला तो लगेच आपला वाटतो.

पुरुषांच्या मेजर चार. एप्रिलमध्ये मास्टर्स, दरवर्षी जॉर्जियातल्या ऑगस्टा नॅशनलवरच, त्यामुळे दोन वर्षं बघितलं की ११, १२, १३ नंबरचे होल आपल्या गल्लीसारखे ओळखीचे होतात. मे महिन्यात पीजीए चॅम्पियनशिप, जूनमध्ये यूएस ओपन, जिथे मुद्दाम रफ, म्हणजे कडेचं उंच गवत, वाढवून कोर्स इतका अवघड करतात की कधीकधी पारच्या वर राहूनही माणूस जिंकतो. आणि जुलैमध्ये ब्रिटिश ओपन, तिकडचे लोक नुसतं द ओपन म्हणतात. नवशिक्याने एकच मेजर पूर्ण बघायचं ठरवलं तर हीच बघा. समुद्रकाठचा कोर्स, झाडं जवळजवळ नाहीत, वारा आणि पाऊस. ज्याची वेळ गुरुवारी सकाळची त्याला शांत हवा आणि दुपारच्याला वादळ, असं पण होतं, नशीबच. बाहेर आपल्याकडे पण जुलैचा पाऊस लागलेला असतो, चारही दिवस दुपारपासून रात्रीपर्यंत टीव्ही तुमचा, भजी तळा आणि बसा.

थोडं पुढे गेलात की स्ट्रोक्स गेन्ड नावाचा आकडा दिसायला लागेल. घाबरू नका. पीजीए टूरचे खेळाडू आठ फुटावरून साधारण निम्मे पट घालतात, म्हणजे तिथून सरासरी दीड फटका लागतो. तुम्ही एकात घातला तर अर्धा फटका कमावला, दोन लागले तर अर्धा गमावला. बस, एवढंच, प्रत्येक फटक्याला हा हिशोब करून बेरीज मारायची. याचा उपयोग काय, तर एखादा माणूस नुसता पटर (पट मारायची काठी) गरम झाला म्हणून वर आलाय का त्याचा लांबचा खेळच चांगला चाललाय हे कळतं. पटर एका आठवड्यात थंड होतो, लांबचा खेळ टिकतो.

कुठे बघायचं यावर नाव घेऊन सांगत नाही कारण हक्क इकडून तिकडे फिरत असतात, मी एकदा अख्ख्या वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं आणि मला हवी ती स्पर्धाच त्यात नव्हती, कस्टमर केअरशी भांडून उपयोग झाला नाही. त्यामुळे महिन्याचंच घ्या, मेजरच्या आठवड्याआधी चेक करून. टूरचे स्वतःचे ॲप फुकट आहेत, त्यात लाइव्ह स्कोअर असतो, आणि यूट्यूबवर दुसऱ्या दिवशी हायलाइट्स येतात, ऑफिसच्या बसमध्ये चांदणी चौक ते हिंजवडी तेवढे बघून होतात.

एकदा तरी प्रत्यक्ष बघा मात्र. भारताची स्वतःची टूर आहे, पीजीटीआय, येरवड्याच्या पूना क्लबच्या कोर्सवर तिच्या स्पर्धा झाल्यात, तेव्हा वेळापत्रकावर नजर ठेवा आणि पुण्यात आली की जाण्याआधी प्रवेशाचं विचारून घ्या. मोठं काही हवं तर गुरुग्रामला इंडियन ओपन, डीपी वर्ल्ड टूरची. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर याच टूरच्या दुसऱ्या एका स्पर्धेला दिल्ली गोल्फ क्लबवर रोरी येऊन गेला आणि जिंकला टॉमी फ्लीटवुड. गेलात तर कोणाच्या मागे १८ होल चालत बसू नका पहिल्याच दिवशी, पाय तुटतात. एखादा पार तीन शोधा, ग्रीनच्या, म्हणजे होलाभोवतीच्या बारीक गवताच्या, बाजूला सावली बघून बसा, सगळे खेळाडू आपोआप तुमच्यासमोरून जातील. फोन सायलेंट, आणि कोणी फटका मारायला उभा राहिला की होतो तिथेच पुतळा. कंट्रोल राहत नसेल तर निदान चिप्सचं पाकीट तरी उघडू नका, माझ्याकडे बघून खेळाडूची बॅग उचलणाऱ्या एका कॅडीने जे डोळे वटारले होते ते अजून आठवतात.

राहिली मास्टर्सची रविवार रात्र. तेवढी एक जागावी. २०२५ ला रोरी आणि जस्टिन रोझची बरोबरी होऊन जादा होलचा प्लेऑफ झाला, अकरा वर्षांनी रोरीला मेजर मिळालं आणि चारही मेजर जिंकणारा तो सहावा पुरुष झाला, तेव्हा आपल्याकडे सोमवारचे पहाटेचे साडेचार-पाच झाले होते, आणि नशीब की तो १४ एप्रिल होता, आंबेडकर जयंतीची सुट्टी. दरवर्षी असं जुळत नाही. ज्या वर्षी जागणं शक्य नसेल त्या वर्षी रविवारी रात्री झोपताना फॅमिली ग्रुप म्यूट करा, विशेषतः न्यू जर्सीतला भाऊ असलेला. आमचा दादा मला तिकडून निकाल सांगतो, वर विजेत्याला मिळणाऱ्या हिरव्या जॅकेटचा फोटो, आणि खाली "झोपलीस का गं?"