पहिले भाड्याचे घर आणि सोबत रूममेट: कोकणात घर घेताना या चुका टाळा

पदवीचा निकाल जूनच्या आगेमागे लागतो, नोकरीचे पत्रही त्याच सुमारास हातात पडते, आणि लोटे-परशुराम, खेर्डी, महाड, रोहा किंवा रत्नागिरीच्या मिरजोळे औद्योगिक वसाहतीत रुजू व्हायचे असेल तर आठवडाभरात राहण्याची सोय लावावी लागते. एकट्याला भाडे झेपत नाही म्हणून वर्गातला मित्र किंवा मैत्रीण सोबत घेतली जाते, दोन-तीन फ्लॅट पाहिले जातात आणि त्यांतला एक पसंत होतो. या घाईत होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते. घर ज्या दिवशी पाहिले, त्या दिवसापुरतेच ते पाहिलेले असते. कोकणात एकच घर जुलैत, ऑक्टोबरात आणि मे महिन्यात तीन निराळी घरे असतात, आणि करार अकरा महिन्यांचा असल्यामुळे तुम्हांला या तिन्ही घरांत राहायचे असते. सोबत्याचेही तसेच आहे. आजची मैत्री खरीच असते, पण ठरवायचे असते ते त्याची बदली होईल त्या महिन्यासाठी.

भिंतीचा रंग पाहून घर पसंत करणे

उन्हाळ्यात रंग दिलेली भिंत कोणालाही आवडते. पण किनारपट्टीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि तोही नैऋत्येच्या वाऱ्यासोबत तिरका येतो, त्यामुळे पश्चिम व दक्षिण बाजूच्या भिंती झडीचा मारा खातात. जांभ्या चिऱ्याच्या भिंतीला बाहेरून नीट गिलावा नसेल तर पाणी आत मुरते आणि ऑगस्टपर्यंत आतला रंग फुगून त्याचे पापुद्रे निघू लागतात. म्हणून खोली पाहताना भिंतीला लागून ठेवलेले कपाट थोडे पुढे ओढायला सांगावे आणि त्याच्या मागे हात फिरवावा. खिडकीच्या चौकटीखाली, छताच्या कोपऱ्यांत आणि स्विचबोर्डाच्या भोवती तपकिरी ओघळ आहेत का, ते पाहावे. स्विचबोर्डाजवळची ओल ही केवळ दिसायला वाईट नसते, तिच्यामुळे शॉक बसू शकतो. अशी खोली भाडे कितीही कमी असले तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट असेल तर आधी गच्चीवर जाऊन यावे. तिथे पत्र्याची शेड घातलेली असेल तर निम्मी काळजी मिटते. ती नसेल आणि स्लॅबवर पाणी साचल्याचे काळे डाग दिसत असतील, तर पुढील चार महिने बादल्या कुठे ठेवायच्या हेच ठरवायचे उरते. कपडे वाळत घालायला आडोशाची जागा आहे का, हा प्रश्न मुले सहसा विचारत नाहीत. मात्र दोघांचे कंपनीचे गणवेश जुलैत तीन-तीन दिवस वाळत नाहीत तेव्हा गॅलरीची किंमत कळते. (पदवीचे प्रमाणपत्र लोखंडी कपाटात उघडे ठेवू नये. फ्रेम होण्याआधीच त्याला बुरशी धरते.)

राहायला आल्यानंतर गळती लक्षात आली, तर पहिल्याच दिवशी फोटो काढून ते मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावेत आणि सोबत एक साधे वाक्य लिहावे. तोंडी सांगितलेली तक्रार घर सोडताना कोणालाच आठवत नाही. नळाची तोटी, बल्ब अशी किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करायची आणि छत, बाहेरची भिंत व मुख्य नळजोडणी यांची दुरुस्ती मालकाने करायची, ही विभागणी करारातच लिहून घेतली तर वादाला जागा राहत नाही.

पुराचे पाणी कुठवर येते ते न विचारणे

चिपळूण, महाड, खेड आणि राजापूर या गावांत ही चूक महागात पडते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली, सावित्रीने महाड बुडवले आणि त्याआधी जुलै २००५ मध्येही या दोन्ही शहरांनी तेच पाहिले होते. खेडला जगबुडी, राजापूरला अर्जुना आणि कोदवली. नदी बदलते, प्रश्न तोच राहतो. मालकाला ‘इथे पाणी येते का’ असे विचारले तर उत्तर ठरलेले असते, म्हणून शेजारच्या दुकानदाराला किंवा खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला ‘२०२१ साली पाणी कुठवर आले होते’ असे विचारावे. लोक हात वर करून नेमकी पातळी दाखवतात. तळमजल्याच्या खोलीत छातीच्या उंचीपर्यंतचा गिलावा नवा आणि वरचा जुना असेल, स्विचबोर्ड नेहमीपेक्षा बरेच वर बसवलेले असतील, तर विचारण्याचीही गरज उरत नाही. जलसंपदा विभागाने आखलेल्या निळ्या व लाल पूररेषेची (लहान-मोठ्या पुराचे पाणी कुठवर येऊ शकते ते दाखवणाऱ्या रेषांची) माहिती नगरपालिकेत मिळते.

तळमजल्याला पर्यायच नसेल, तर किमान दुचाकी कुठे हलवायची आणि कागदपत्रे व लॅपटॉप घेऊन रात्री कोणाच्या घरी जायचे, हे जून संपण्यापूर्वी दोघांनी ठरवून ठेवावे.

मे महिन्यातल्या पाण्याचा विसर पडणे

ज्या गावात पावसाळ्यात पाण्याचा पूर, त्याच गावात एप्रिल-मेमध्ये टँकर, हे कोकणात नवे नाही. इमारतीला नळपाणी योजनेचे पाणी आहे की विहिरीचे की बोअरवेलचे, ते किती दिवसांआड आणि किती वेळ येते, टँकर मागवावा लागला तर त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर, हे जुलैत विचारणे वेडेपणाचे वाटते, पण विचारायचे तेव्हाच असते. समुद्राच्या अगदी जवळच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्याच्या अखेरीस मचूळ होऊ शकते, तेव्हा पिण्याच्या पाण्याची वेगळी चौकशी करावी.

‘अकरा महिन्यांचा करार, नोंदणी कशाला?’

हा गैरसमज मालक, दलाल आणि भाडेकरू या तिघांनीही इतक्या निष्ठेने जपला आहे की त्यावर थोडे थांबावे लागेल. नोंदणी कायदा, १९०८ नुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे आहे, त्यामुळे अकरा महिन्यांची पळवाट निघाली. महाराष्ट्रात मात्र ती चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरती जागा वापरण्याच्या परवानगीचा) करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्टँपपेपरवर नोटरी करून आणलेला कागद ही अट पूर्ण करत नाही.

खर्चही फार नसतो. मुद्रांक शुल्क हे मुदतीतील एकूण भाडे आणि अनामतीवरचे मानीव (म्हणजे मिळाले असे हिशेबापुरते धरलेले) व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का असते, आणि नोंदणी फी नगरपालिका क्षेत्रात १,००० रुपये, तर ग्रामीण भागात ५०० रुपये. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर नोंदणी ऑनलाइन होते, त्यामुळे ‘मालक मुंबईला असतात’ हे कारण आता टिकत नाही. पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहिती देण्याचे कामही त्याच वेळी मालकाकडून उरकून घ्यावे.

मुदत संपण्याची तारीख मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावी. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याकडून कलम २४ नुसार दुप्पट दराने भरपाई मागता येते. ‘मालक काही बोलले नाहीत’ हा त्यावरचा बचाव नव्हे.

चावी ज्याच्या हाती, त्यालाच मालक समजणे

कोकणातील कितीतरी फ्लॅट आणि घरे चाकरमान्यांची आहेत. मालक बोरिवलीला किंवा डोंबिवलीला, चावी शेजारच्या काकांकडे, आणि व्यवहार त्या काकांच्या भाच्याशी. ही सगळी माणसे सज्जन असू शकतात, नव्हे बहुधा असतातच, परंतु अनामत देण्याआधी मालकाशी स्वतः फोनवर बोलावे, वीजबिल व घरपट्टीची पावती कोणाच्या नावावर आहे ते पाहावे आणि फ्लॅट असल्यास नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ (खरेदीखताच्या नोंदीचा उतारा, ‘इंडेक्स टू’) तपासावी. मालकाच्या वतीने दुसरे कोणी सही करणार असेल तर त्याच्याकडे कुलमुखत्यारपत्र असायला हवे. पैसे मालकाच्याच बँक खात्यावर जावेत. जागा न दाखवता, ‘माझी बदली झाली आहे, आधी टोकन पाठवा’ म्हणून क्यूआर कोड धाडणाऱ्या जाहिरातदाराला तर उत्तरही देऊ नये.

चाकरमान्याच्या घराची आणखी एक बाजू आहे. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात मालक सहकुटुंब गावी येतो आणि तेव्हा ‘चार दिवस तुम्ही जरा अ‍ॅडजस्ट करा’ अशी विनंती होते. अलिबाग, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, मालवण या पर्यटनाच्या भागांत तर तीच खोली डिसेंबरात पाहुण्यांना दिवसाच्या दराने देता येते, हे मालकाला ठाऊक असते. मालक एखादी खोली स्वतःसाठी कुलूप लावून ठेवणार असेल तर त्याला हरकत नसावी, पण मग भाडे तेवढे कमी व्हायला हवे, आणि मुदतीच्या मध्येच घर रिकामे करून मागता येणार नाही, ही अट करारात स्पष्ट शब्दांत असावी.

करार एकाच्याच नावावर करणे

रूममेटच्या बाबतीत सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक ही आहे. ‘नाव कोणाचेही घाला, आपण दोघे एकच’ असे म्हणून एकाचे आधारकार्ड पुढे केले जाते. यात ज्याचे नाव आहे तो संपूर्ण भाड्याला एकटा बांधला जातो, आणि ज्याचे नाव नाही त्याच्या हाती पत्त्याचा पुरावा येत नाही. पहिला निघून गेला तर दुसरा त्या घरात कायद्याने कोणीच नसतो. दोघांचीही नावे परवानाधारक (म्हणजे भाड्याने राहणारे) म्हणून करारात असावीत. नाव राहून गेले असेल तर नूतनीकरणाची वाट न पाहता दोघांच्या नावाने नवा करार नोंदवून घ्यावा. वर सांगितलेल्या खर्चात ते काम होते.

त्याशिवाय दोघांनी आपसांत एक साधा कागद करावा. वहीच्या पानावर लिहून दोघांच्या सह्या असल्या तरी पुरे. समजा, अनामत तीस हजार आहे आणि त्यात एकाचे वीस व दुसऱ्याचे दहा हजार आहेत. प्रशिक्षणाचा काळ संपल्यावर कंपनीने दुसऱ्याला तळोज्याला पाठवले. त्याचे दहा हजार आता कोणी द्यायचे? मालक देणार नाही, कारण घर चालूच आहे. मागे राहिलेल्याने खिशातून द्यावेत, तर त्याच महिन्यात त्याच्यावर दुप्पट भाड्याचा बोजा पडलेला असतो. म्हणून आधीच ठरवावे: जाणाऱ्याने एक महिना आधी सांगायचे, नवा सोबती मिळेपर्यंत, मात्र जास्तीत जास्त दोन महिने, आपला वाटा भरायचा, आणि अनामत नव्या सोबत्याकडून घ्यायची. नव्या माणसाला मालकाची संमती व नवा करार लागेल, हेही त्यात यावे. फ्रिज, गॅसची शेगडी, गाद्या या वस्तू अर्ध्या-अर्ध्या पैशांत घेऊ नयेत. एक वस्तू एकाने, दुसरी दुसऱ्याने घ्यावी, म्हणजे निघताना फ्रिजचे दोन तुकडे करावे लागत नाहीत.

स्वभाव जुळतात की नाही यावर पुष्कळ बोलले जाते. माझ्या मते त्याहून जास्त महत्त्वाची आहे ती कामाची वेळ. एकाची रात्रपाळी आणि दुसऱ्याची सकाळी सातची कंपनीची बस असेल, तर एका खोलीचे घर कितीही स्वस्त पडले तरी घेऊ नये. दुसरा प्रश्न मासळीचा. एकाला रोज बांगडा हवा आणि दुसरा शाकाहारी, किंवा इमारतीत त्यावरून कुरबूर होत असेल, तर हे चावी घेण्यापूर्वी कळलेले बरे. भांडी वेगळी, कचरा त्याच दिवशी बाहेर, एवढ्यावर सहसा भागते.

मालकाच्या मीटरवरून वीज घेणे

वरच्या मजल्यावरच्या खोल्यांना पुष्कळदा स्वतंत्र मीटर नसतो. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी वाढतात: पहिली १०० युनिटे सर्वांत स्वस्त, १०१ ते ३०० चा दर त्याहून बराच जास्त, आणि पुढे आणखी चढता. मालकाची १८० युनिटे आणि तुमची १२० एकाच मीटरवर आली की तुमच्या वाट्याची स्वस्त १०० युनिटे हातची जातात आणि तेवढीच युनिटे महाग टप्प्यात मोजली जातात. स्वतंत्र मीटरची जागा मिळाली तर उत्तमच. न मिळाल्यास सबमीटर बसवून प्रतियुनिट दर करारात लिहावा आणि पहिल्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो मालकाला पाठवावा. स्वतंत्र मीटर असल्यास बिलावरील ग्राहक क्रमांक टाकून मागची थकबाकी ऑनलाइन पाहावी, कारण वीज तोडली जाते ती घराची, जुन्या भाडेकरूची नव्हे.

गॅसजोडणीचे अडले तर पत्त्याच्या पुराव्याविना, केवळ ओळखपत्रावर मिळणारा पाच किलोचा छोटा सिलिंडर सुरुवातीला पुरतो. कंपनीची बस कोणत्या नाक्यावर थांबते ते घर पाहण्याआधी विचारावे. रत्नागिरीसारख्या ठिकाणी रेल्वे स्थानक शहराबाहेर आहे, तेव्हा ‘स्टेशनजवळ’ म्हणजे बाजाराजवळ असे समजू नये.

अनामत परत मिळण्याचा विचार शेवटच्या दिवशी करणे

ती तयारी पहिल्या दिवशीच करायची असते. सामान आत नेण्याआधी प्रत्येक भिंत, फरशी, नळ आणि दारे यांचा सलग व्हिडिओ काढून तो मालकाला पाठवावा, म्हणजे पावसाने आलेली ओल रंगकामाच्या नावाखाली तुमच्या अनामतीतून वजा होत नाही. भाडे बँकेतून किंवा यूपीआयने द्यावे आणि महिन्याचा उल्लेख त्यात करावा. रक्कम किती दिवसांत परत करायची आणि कशाची वजावट चालेल, हे करारात असावे. चावी देताना मीटरचे रीडिंग, शेवटचे बिल आणि चावी मिळाल्याची मालकाची पोच घ्यावी. तरीही पैसे अडवले गेले, तर आधी लेखी मागणी स्पीड पोस्टाने पाठवावी, आणि तिलाही उत्तर न आल्यास तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तिथे मोफत कायदेशीर मदतीसाठी उत्पन्नाची मर्यादा असते; महिलांना मात्र ती अट लागू नाही.