आतड्यातले जंतू आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग: ताटात, तोंडात आणि तपासणीत काय करायचं

मोठ्या आतड्याचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. आधी अस्तरावर पॉलिप, म्हणजे मांसाचा छोटा कोंब उगवतो; त्याचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षं जातात. या काळात आतड्यातले जंतू दोन्हीकडून खेळतात. चोथा (फायबर) आंबवणारे जंतू ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात; अस्तराच्या पेशी त्यावरच जगतात आणि सूज आटोक्यात राहते. उलट ई. कोलाय या जंतूच्या काही जाती कोलिबॅक्टिन हे विष सोडतात. ते पेशीच्या डीएनएवर ओळखू येईल असा ठसा ठेवतं. २०२० साली तो रुग्णांच्या गाठींतही सापडला. तिसरा गडी फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम, मूळचा हिरड्यांतला. तो गाठीला चिकटतो, प्रतिकारपेशींना रोखतो, केमोथेरपीचा असर कमी करतो. २०१७ साली तो यकृतात पसरलेल्या गाठींतही जिवंत आढळला.

मग अँटिबायोटिक घेऊन टाकायचं? मुळीच नाही. उंदरांत मेट्रोनिडाझोलने अशा गाठींची वाढ मंदावली, पण ती गोळी कामाचे जंतूही मारते. मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. प्रोबायोटिकच्या महागड्या कॅप्सूलमधले जंतूही सहसा कायमचे वस्तीला राहत नाहीत. आहेत त्यांना नीट जेवू घालणं स्वस्त पडतं.

रोज २५ ते ३० ग्रॅम चोथा पोटात जायला हवा. नाशिककराला तो जड नाही. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ११ ग्रॅम चोथा असतो, म्हणजे ५०-६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सहाएक ग्रॅम. पेठ-सुरगाण्याकडची नागलीही त्याच तोलाची. दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ, एक पेरू, पालेभाजी आणि जेवणासोबत कच्चा कांदा, एवढ्यात हिशेब जमतो. लासलगावच्या कांद्यात फ्रुक्टन हा चोथ्याचा प्रकार असतो, तो जंतूंच्या आवडीचा. चूक होते ती चाळणीत: गव्हाचा कोंडा चाळून टाकला की चोथाही गेला. मिसळीचंही तसंच. मटकी जास्त मागा, तर्री कमी, पाव एकच. फार तेलकट खाण्यावर पित्त जास्त सुटतं आणि काही जंतू त्यापासून अस्तराला जाळणारी आम्लं बनवतात. सॉसेज, सलामी मात्र रोजच्या ताटात नकोच. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसामागे या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो.

एकदम तीन वाट्या उसळ खाल्लीत तर पोट नगाऱ्यासारखं फुगेल आणि दोष उसळीला जाईल. रोजचा चोथा दर आठवड्याला ५ ग्रॅम एवढाच वाढवा, पाणीही वाढवा. इसबगोल घेत असाल तर चमचाभर, पूर्ण ग्लास पाण्यासोबत. कोरडा घेतला तर घशात किंवा आतड्यात अडकतो. आतड्यात अडथळा असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा केमो चालू असेल, तर चोथ्याचा हा सगळा सल्ला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लागू करू नका.

दात रात्री घासा, मिश्री सोडा, हिरड्यांतून रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरांकडून साफ करून घ्या. याने कर्करोग टळतो असं सिद्ध झालेलं नाही, पण फ्युसोबॅक्टेरियमचं घर तिथेच आहे.

आता तपासणी. शौचातलं न दिसणारं रक्त पकडणारी फिट चाचणी घरी नमुना घेऊन होते:

१. कमोडमध्ये कागद अंथरा. नमुना पाण्याला लागता कामा नये.
२. नळीच्या झाकणाची काडी शौचावर चार-पाच ठिकाणी ओढा. खाचा भरल्या की पुरे. लपका घातला तर आकडा चुकतो.
३. झाकण घट्ट लावा, हलवा, नाव-तारीख लिहा.
४. त्याच दिवशी लॅबला द्या. एप्रिल-मेच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत राहिलेल्या नमुन्यातलं हिमोग्लोबिन (रक्तातलं लाल द्रव्य) नासतं आणि रक्त असूनही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते.

पाळी चालू असताना किंवा मूळव्याधीचं रक्त जात असताना नमुना घेऊ नका. पॉझिटिव्ह आली तर पुन्हा फिट करून खात्री करत बसू नका. पुढची पायरी कोलोनोस्कोपीच, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून पाहणं. शौचातून रक्त दिसत असेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल, कारण नसताना हिमोग्लोबिन उतरलं असेल, तर फिटच्या भानगडीत न पडता थेट डॉक्टर गाठा. ‘मूळव्याधच असेल’ म्हणून वर्ष काढणं, सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं, मग वय पस्तीस का असेना.

कोलोनोस्कोपीच्या तयारीत वरचा सल्ला उलटा फिरतो. दोन-तीन दिवस आधीपासून भाकरी, उसळ, पालेभाजी, टोमॅटो, पेरू, द्राक्षं बंद. बिया आणि सालं दुर्बिणीच्या तोंडाशी अडकतात. लोहाची गोळी आठवडाभर आधी थांबवा, नाहीतर आतडं काळं दिसतं. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचं मात्र डॉक्टरांनाच विचारा. जुलाबाचं औषध अर्धं आदल्या संध्याकाळी, उरलेलं तपासणीच्या ४ ते ६ तास आधी. शेवटी लघवीसारखं पिवळं, स्वच्छ पाणी यायला हवं. गढूळ आलं तर छोटा पॉलिप नजरेतून सुटतो. या धुलाईत जंतूही वाहून जातात, पण बहुतेकांचे दोन-चार आठवड्यांत पूर्ववत होतात. तपासणी झाल्यावर त्या दिवशी मऊ ताक-भात, दुसऱ्या दिवसापासून भाकरी. पॉलिप काढला असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा.