दवाखान्यातून दिल्लीला निघण्याआधी

डॉक्टरकीची इंटर्नशिप करणारी पोरं-पोरी पीजीचं (पदव्युत्तर शिक्षणाचं) विचारायला येतात आणि उठता उठता हळूच म्हणतात, "सर, राजकारणात जायचं असेल तर?" खान्देशात हा प्रश्न वेडेपणाचा नाही. धुळ्याहून कर्करोगतज्ज्ञ सुभाष भामरे 2014 आणि 2019 ला लोकसभेवर निवडून आले, संरक्षण राज्यमंत्रीही झाले. नंदुरबारला डॉ. हिना गावितांनी 26 व्या वर्षी माणिकराव गावितांना हरवलं, नऊ वेळा खासदार राहिलेल्या माणसाला! जळगावहून 1998 ला डॉ. उल्हास पाटील निवडून गेले. मात्र भामरेंच्या आई साक्रीच्या आमदार होत्या आणि हिनाताईंचे वडील डॉक्टर तर आहेतच, मंत्रीही होते. घरात कुणी सरपंचही नसेल, तर यादी वाचताना हे विसरू नका.

मी शिंदखेडा तालुक्यात प्रॅक्टिस करतो आणि निवडणुकीत बूथपासून सभेपर्यंत पडेल ते काम केलंय. "पोट दुखस, डाक्टरभाऊ" म्हणत येणारी आजी तुम्हाला देव मानते, खोटं नाही. पण तिच्या घरातलं मत भाऊबंदकी, कपाशीचा भाव आणि पक्षाचं चिन्ह बघून पडतं. शिवाय लोकसभेचा मतदारसंघ तुमचे पेशंट कुठून येतात हे विचारून आखलेला नसतो. धुळे लोकसभेत धुळे शहर, धुळे ग्रामीण आणि शिंदखेडा एवढेच विधानसभा मतदारसंघ धुळे जिल्ह्यातले. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे तिन्ही नाशिक जिल्ह्यात. उलट साक्री, शिरपूर धुळे जिल्ह्यात असून मतदान नंदुरबारसाठी करतात. साक्रीच्या पेशंटांच्या भरवशावर धुळ्याची खासदारकी रंगवणारे डॉक्टर मला भेटलेत. 2024 ला भामरे 3,831 मतांनी पडले. बाकीचे पाच मतदारसंघ मिळून ते पुढे होते, मालेगाव मध्यने गणित फिरवलं. जिंकलेल्या शोभा बच्छावही डॉक्टरच.

म्हणून सुरुवात जिल्हा परिषदेपासून करा. तिथे वयाची अट 21, लोकसभेला 25. सरकारी नोकरीत असाल तर अर्ज भरण्याआधी राजीनामा मंजूर झालेला हवा, नुसता दिलेला चालत नाही. सरकारी कॉलेजात शिकल्याबद्दल करावी लागणारी बाँडची सेवा आधी उरकून टाका. आचारसंहिता लागली की मोफत औषधांची शिबिरं बंद, मग भलेही ती दरवर्षी होत असोत.

डिग्रीचा खरा उपयोग निवडून आल्यावर होतो. केंद्राच्या योजनांचा जिल्ह्यात आढावा घेणाऱ्या 'दिशा' समितीचा अध्यक्ष खासदार असतो आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानही त्यातच येतं. अधिकारी छापील टक्केवारी वाचतात, बाकीचे माना डोलावतात. डॉक्टरने मात्र आदल्या दिवशी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लसींच्या फ्रीजजवळचा तापमानाचा तक्ता बघावा. हवं 2 ते 8 अंश. महिनाभर सकाळ-संध्याकाळ 4 अंशच, तेही एकाच पेनाने आणि एकाच हाताने लिहिलेले, म्हणजे तक्ता एका बैठकीत भरलाय. बैठकीत एवढा एकच प्रश्न विचारला तरी पुढच्या वेळी कागद नीट येतात. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, अक्कलकुव्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी किती झाली याच्याइतकंच, पॉझिटिव्ह निघालेल्यांना गोळ्या मिळतात का, हे विचारायचं डॉक्टरला सुचतं.

आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा. त्यासाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट (डॉक्टरांच्या परिषदा-कार्यशाळांना मिळणारे गुण) लागतात. प्रचाराच्या धामधुमीत नूतनीकरणाची तारीख कधी निघून जाते कळत नाही, तेव्हा हे काम कार्यकर्त्यावर सोपवू नका.