हिवाळ्याआधी विंचचा दोर एकदा पूर्ण उलगडा

चिखलात रुतलेली ट्रॉली ओढून काढली, वाटेवर आडवं पडलेलं झाड बाजूला केलं, दोर गुंडाळला आणि विंच, म्हणजे गाडीवरचं मोटरनं दोर ओढणारं यंत्र, विसरून गेलो. हिवाळ्यातली विंचची बरीचशी दुखणी इथूनच सुरू होतात. वरचा थर दोन दिवसांच्या उन्हात वाळतो आणि सगळं कोरडं झालं असं आपल्याला वाटतं. दोर ज्यावर गुंडाळला जातो त्या ड्रमला चिकटलेल्या आतल्या थरांत मात्र चिखल-पाणी तसंच मुरत राहतं. दव, धुकं आणि रात्री-दिवसाच्या तापमानातला फरक त्यात भर घालतात.

म्हणून थंडीचा जोर वाढण्याआधी चांगलं ऊन असलेला एक दिवस या कामाला द्या. विंचचा क्लच, म्हणजे ड्रमला मोटरपासून सुटा करणारी मूठ, मोकळा करून दोर हातानं पूर्ण ओढून काढा. भार नसताना शेवटचा वेढा सोडायलाही हरकत नाही. भार ओढताना मात्र तारेच्या दोराचे किमान ५ वेढे ड्रमवर राहायलाच हवेत, कारण भार ते वेढे पेलतात, दोराचं टोक ड्रमला धरणारा बोल्ट नव्हे. कृत्रिम धाग्याचा दोर गुळगुळीत असतो, त्याला याहून जास्त वेढे लागतात.

तारेचा दोर असेल तर जाड चामडी हातमोजे घालूनच हात लावा. ब्रशनं माती झाडा आणि जुनी चिंधी दोरावरून सावकाश ओढत न्या. चिंधी जिथे अडकेल तिथे एखादी तार तुटलेली आहे, तिथे खूण करून ठेवा. बऱ्याच तारा तुटलेल्या दिसल्या किंवा दोराला कायमची मुरड पडली असेल तर तो दोर बदलाच. बाकी दोराला पातळ तेलाचा हलका हात पुरतो. इंजिनातून काढलेलं काळं तेल अनेकजण फासतात, मला ते पटत नाही. त्यात धातूचा कीस असतो, वर धूळ बसते आणि दोर पॉलिश कागदासारखा ड्रम घासायला लागतो.

धाग्याच्या दोराला तेल अजिबात नको. साध्या पाण्यात चोळून विणीत अडकलेली वाळू काढा आणि सावलीत पूर्ण वाळवा. ओला दोर गोठला तर आतले बर्फाचे कण धाग्यांना कापतात, शिवाय तो काठीसारखा ताठ होतो. तशा दोरावर भार देऊ नका, शेडमध्ये आणून आधी सैल होऊ द्या.

गुंडाळताना थोडा ताण हवा. हुक पक्क्या खांबाला अडकवा आणि हलक्या चढावर गाडी विंचनंच पुढे ओढू द्या. आत बसलेल्यानं ब्रेकवर नुसता पाय ठेवायचा. सैल गुंडाळलेल्या दोराचा वरचा वेढा पुढच्या जोराच्या ओढीला खालच्या थरात रुततो, आणि भर थंडीत तो उपसून काढताना बोटं बधिर होतात.

आता झाकणाविषयी. एका हिवाळ्यात मी युरियाची रिकामी गोणी विंचवर घातली, सुतळीनं घट्ट आवळली आणि गाडी गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवली. दोन महिन्यांनी गोणी काढली तर आतून पाण्याचे थेंब ओघळत होते आणि टर्मिनलवर, म्हणजे वायरी जोडायच्या धातूच्या टोकांवर, हिरवट पूड जमली होती. गोणीतले उरलेले दाणे हवेतली ओल ओढतात, प्लास्टिक ती बाहेर जाऊ देत नाही, आणि गोठ्यातला अमोनिया तांब्या-पितळेला खातो. तेव्हापासून मी जाड कापडाचं झाकण घालतो, खालून मोकळं ठेवतो आणि गाडी गोठ्यापासून लांब उभी करतो. झाकणाखाली उंदीर घर करतात, म्हणून दर आठवड्याला उचलून बघायचं. धाग्याचा दोर आणि वायरचं आवरण, दोन्ही ते कुरतडतात.

टर्मिनल उघडून तारेच्या ब्रशनं चकचकीत करा, नट घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. ग्रीस आधी लावून नट आवळणं उलटं काम आहे. धुताना प्रेशरच्या पाण्याचा फवारा मोटर, कंट्रोल बॉक्स आणि गिअरबॉक्सच्या सीलवर मारू नका. पाणी आत घुसतं, पण बाहेर यायला त्याला वाट नसते.

थंडीत बॅटरीवर फार भरवसा ठेवू नका. ० अंश सेल्सिअसला तिची क्षमता सुमारे पाचव्या हिश्श्यानं घटते, उणे १८ अंशांच्या आसपास निम्म्यावर येते. पूर्ण भारावर १२ व्होल्टचा विंच ३०० अँपिअरहून जास्त ओढू शकतो. तेवढं अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारं वीज बनवणारं यंत्र, देऊ शकत नाही, उरलेलं बॅटरीतूनच जातं. म्हणून इंजिन चालू ठेवा, ओढ थोडी-थोडी द्या आणि मध्ये मोटरला दम घेऊ द्या. गाडी उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. उतरलेली बॅटरी शून्याच्या थोडं खाली गेल्यावरच गोठू शकते, भरलेली तशी गोठत नाही.

क्लचची मूठ आखडली तर हातोडा मारू नका, उकळतं पाणीही ओतू नका. ते पाणी फटीत जाऊन पुन्हा गोठतं. गाडी आडोशाला घ्या, मूठ हळूहळू मागेपुढे करून सोडवा. महिन्यातून एकदा भार न देता विंच दोन्ही बाजूंनी थोडा फिरवला, की ग्रीस पुन्हा दात्यांवर पसरतं. त्याच वेळी रिमोटचं सॉकेट आणि त्याचं झाकणही पुसून घ्या.