घोडा फार ओढतो? कडक बिट घेण्याआधी या चुका टाळा

रेसमधून निवृत्त झालेला घोडा रपेटीसाठी घेतला की पंधरवड्यात तक्रार येतेच: “ओढतो फार, थांबतच नाही.” मोतद्दारापासून शेजारच्या स्वारापर्यंत सगळ्यांचा सल्ला एकच, बिट (लगामाची तोंडात बसणारी धातूची दांडी) बदला. स्नॅफल या साध्या, सौम्य बिटच्या जागी तरफ, साखळी आणि दोन लगामांचा कडक पेल्हम येतो, मग गॅग हा आणखी एक कडक बिट. पहिले चार दिवस घोडा ऐकतोही. नंतर त्याच्यावरही रेलून ओढू लागतो.

पहिली चूक आपल्या हातांची. रेसच्या घोड्याला लगाम ताणला की त्यावर भार टाकून पळायची सवय असते. आपण थांबवायला ओढतो, तो त्याला इशारा समजतो. शिवाय साडेचारशे-पाचशे किलोच्या जनावराशी रस्सीखेच खेळून कोण जिंकलंय? मांड खोल ठेवा, खांदे मागे, श्वास सोडा, लगाम क्षणभर आवळा. त्याने पाऊल जरासं आवरलं की लगेच सैल करा. ते सैल करणंच बहुतेक जण विसरतात, आणि घोड्याला कळतं ते नेमकं त्यातूनच. रिंगणात रोज दहा पावलं चाल, थांबा, दोन पावलं मागे, पुन्हा चाल. कंटाळवाणं आहे खरं. महिनाभर दुडकीच्या पुढे न जाणारे स्वार मी फार थोडे पाहिलेत.

तोंड न तपासणं ही दुसरी चूक, आणि माझ्या मते जास्त गंभीर. बिट बसतो तो पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर. तिथे पातळ कातडीखाली थेट हाड. दाढांच्या कडा धारदार झाल्या असतील तर गाल आतून सोलतो. पहिल्या दाढेपुढे कधी एखादा चिमुकला दात असतो, त्यावर बिट आपटतो. घोडा मग दुखण्यापासून पळतो आणि आपण दुखणं वाढवतो. वर्षातून एकदा तरी पशुवैद्याकडून दात तपासून कानस मारून घ्या. खोगीर पाठीला रुतत नाही ना, तेही बघा.

चंदी रेसच्या हिशेबाची आणि काम अर्ध्या तासाचं, बाकी दिवस तबेल्यात बांधलेला. असा घोडा उधळणारच. दाणा कमी करा, गवत वाढवा, मोकळं फिरू द्या.

काटेरी बिटचा तर विषयच नको. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत त्याला बंदी आहे, तरी वरातीच्या घोड्यांच्या तोंडात तो अजून दिसतो.

कडक बिट कधीच नको, असं मी म्हणत नाही. उघड्या मैदानावर, स्थिर हाताच्या स्वाराकडे, शिक्षण चालू असताना पेल्हम चालतो. पण दोन्ही लगाम लावून, आणि हनुवटीखालच्या साखळीत दोन बोटं जातील इतकी जागा ठेवून.

आणि घोडा उधळलाच तर दोन्ही हातांनी लटकू नका. जागा मोकळी असेल तर एका बाजूने मोठं वर्तुळ धरा, हळूहळू लहान करत आणा. भरधाव घोड्याला एकदम वळवलंत तर दोघेही आडवे व्हाल.