हायस्कूलमधल्या लेकीची झोप अशी रुळावर आणली

लेक हायस्कूलात गेली आणि झोपेचं गणितच फिरलं. रात्री बारापर्यंत टक्क जागी, सकाळी डोळा उघडेना. आळशी म्हणावं तर अभ्यासात चोख! डॉक्टरांनी उलगडा केला: वयात येताना मेलाटोनिन (झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक) उशिरा स्रवतं, त्यामुळे झोप एक-दोन तास पुढे सरकते, गरज मात्र ८ ते १० तासांची असते. नुसतं ‘लवकर झोप गं’ म्हणून भागणारं नव्हतं.

मग सुरुवात सकाळपासून केली. उठल्याबरोबर पडदे उघडून थोडा वेळ बाहेर उजेडात जायचं. शरीराचं घड्याळ त्यानेच मागे येतं. सुट्टीच्या दिवशीही नेहमीपेक्षा तासाभराहून जास्त उशीर करायचा नाही. यावरून घरात बरीच वादावादी झाली, पण माझ्या मते खरा फरक यानेच पडला. दुपारनंतर कॉफी बंद, कारण कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण ५ तास लागतात. रात्री फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला (माझाही, नाहीतर ती कशाला ऐकेल?) आणि गजराला साधं घड्याळ. झोपायची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणली.

परीक्षेच्या दिवसांत हे वेळापत्रक थोडं घसरतं. तेव्हा उठण्याची वेळ तेवढी सोडत नाही. मूल घोरत असेल, किंवा पुरेशी झोप होऊनही दिवसा पेंगत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.